हिस्केच्या स्फटिकाचं बोंड

स्फटिक हरवल्याचं सोमवारी सकाळी कळलं. मेरेल, सीब्रनची विद्यार्थिनी, निळे हातमोजे न काढताच प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या कोपऱ्यात आली. ते हातमोजे घालून युरेनियमच्या खोलीबाहेर यायचं नसतं, हे तिला आजवर सांगावं लागलं नव्हतं. तिचा चेहरा पाहून रुलॉफने हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"डबी आहे," ती म्हणाली. "डबी आहे, कापूस आहे. आत काही नाही."

सीब्रन खिडकीपाशी उभा होता. तो कपातली कॉफी ढवळत राहिला. साखर तो घेत नसे.

"नीट बघितलंस का?" त्याने विचारलं.

आवाज अगदी शांत होता. इतका शांत, की पुढे बरेच दिवस त्याला स्वतःचाच तो आवाज ऐकू येत राहिला. कारण स्फटिक शुक्रवारी संध्याकाळपासून त्याच्या घरी होता. मागच्या सायकलींच्या खोलीत, चांदीच्या कागदात गुंडाळलेला, मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत.

हिस्के, त्याची बायको, मार्चमध्ये गेली. दोघं लायडनच्या त्याच प्रयोगशाळेत होती. तो मोजायचा, ती स्फटिक ओढायची. तीन विजेच्या ज्योतींखाली धातूचा रस करायचा, त्यात बारीक बी टेकवायचं आणि ते फिरवत फिरवत इतकं हळू वर घ्यायचं की नुसत्या डोळ्यांना ते हलताना दिसू नये. काळ्या काचेतून बघत ती तासन्‌तास उभी राहायची आणि कुणी बोलायला आलं तर न वळता म्हणायची, "बोल, पण उत्तराची वाट पाहू नकोस."

हा तिचा शेवटचा स्फटिक. युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉनचा. करंगळीएवढा, राखाडी, बघणाऱ्याला त्यात काही दिसायचं नाही. पण निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम साडेसतरा अंशांपर्यंत थंड केला की त्याच्या आत काहीतरी एकदम शिस्तीला लागतं. आतले इलेक्ट्रॉन, जे चिखलातून चालावं तसे जड झालेले असतात, ते कसलीतरी रांग धरतात. उष्णता मोजली की कळतं, नक्की काहीतरी घडलं. काय घडलं ते मात्र दिसत नाही. चुंबक होत नाही. अणू जागचे हलत नाहीत. म्हणून तिला छुपी शिस्त म्हणतात, आणि तिच्यापायी जगभरात कितीतरी माणसं म्हातारी झाली. सीब्रन त्यातलाच एक.

मेरेलचा प्रश्न साधा होता. हा स्फटिक वरून पाहिला तर चौरस. पाव वळसा दिला तरी तसाच्या तसा. शिस्त लागल्यावरही चारी दिशा सारख्याच राहतात, की दोन वेगळ्या पडतात? वेगळ्या पडल्या तर सममिती मोडली, आणि आत काय चाललंय याचा पहिला धागा हाती आला. त्यासाठी स्फटिक फार शुद्ध हवा. हिस्केच्या या शेवटच्या स्फटिकाइतका शुद्ध दुसरा नव्हता. आणि तो कापायला लागणार होता.

"कापा की," सीब्रनने उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं. "तो काही देव्हाऱ्यात ठेवायचा नाही. ती असती तर तिनेच कापून दिला असता."

सगळे खाली बघत गप्प बसले होते, आणि त्याला ते आवडलं होतं. खंबीर दिसणं त्याला आवडायचं.

पण त्या स्फटिकाच्या वरच्या टोकाला एक बोंड होतं. स्फटिक नुकता सरळ निघू लागला असताना तिच्या पोटात पहिली कळ आली. हात थांबला, आणि तेवढ्यात रस फुगून तिथे जोंधळ्याच्या कणसासारखा फुगवटा धरला. मग तिने हात सावरला, निमुळती मान काढली आणि स्फटिक पुढे सरळ ओढत नेला. "हे बघ," घरी आल्यावर ती म्हणाली होती, "माझी पोटदुखी सुद्धा आता आवर्तसारणीत बसली." ती हसली. तोही हसला. डॉक्टरकडे जायला दोघांनी आणखी सहा आठवडे घालवले.

ते बोंड त्याला हवं होतं. तेवढंच हवं होतं.

ते मोजमापाच्या काहीच कामाचं नव्हतं. मेरेल ते पहिल्याच दिवशी कापून बाजूला टाकणार होती. त्याने "मला दे" म्हटलं असतं तर तिने दिलं असतं, सुरक्षा बघणाऱ्या एव्हर्टने दोन सह्या घेऊन ते काचेच्या ठोकळ्यात बसवून त्याच्या टेबलावर ठेवू दिलं असतं. पण मागायला त्याची जीभ रेटली नाही. देव्हाऱ्यात ठेवायचा नाही असं सगळ्यांसमोर म्हणून बसला होता ना. शुक्रवारी सगळे गेल्यावर त्याने डबी उघडली, स्फटिक खिशात घातला आणि सायकलवरून घरी आला. सिग्नलला एक बाई शेजारी थांबली, "वारा काय सुटलाय," म्हणाली, आणि त्याने "हो ना," म्हटलं.

सोमवारी दुपारी एव्हर्ट आला. किरणोत्सर्गाची सुरक्षा त्याच्याकडे होती. ठेंगणा, लालबुंद, गळ्यात कायम टिकटिक यंत्र.

"युरेनियम म्हणजे चाव्यांचा जुडगा नाही, मेरेल, सोफ्याच्या फटीत सापडायला. शेवटचा हात कुणाचा?"

"माझा. शुक्रवारी तीनला. मी वजन केलं आणि परत ठेवला."

"परत ठेवला, की परत ठेवल्यासारखं वाटतंय?"

 खरं बोलणारं माणूसच अशा वेळी अडखळतं. "मला वाटतं... पुसायच्या कागदात गुंडाळला गेला असेल तर..."

मग कचऱ्याचं पिंप उघडलं. त्या खोलीतला कचरा बाहेर टाकत नाहीत, तो साठवतात. महिन्याभराचे कागद, हातमोजे, कापूस. मेरेल गुडघ्यांवर बसून एकेक कागद उलगडत होती, एव्हर्ट प्रत्येकावर यंत्र फिरवत होता. झाकण जड होतं आणि ते सारखं खाली यायचं. सीब्रनने ते धरून ठेवलं. पिंप रिकामं होईपर्यंत तो झाकण धरून उभा होता. मेरेलच्या मानेवर घाम आला होता, आणि एकदा तिने वर बघून म्हटलं, "सॉरी, सीब्रन. दुसरं काहीही हरवलं असतं तर चाललं असतं."

"असू दे," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो सायकलींच्या खोलीत गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी त्याने जे करायला नको तेच केलं. परत तर द्यायचाच आहे, मग निदान बोंड काढून घेऊन देऊ, असा त्याचा हिशेब. भिंतीला वस्तू घट्ट आवळून धरायचा जुना लोखंडी व्हाइस होता. जबड्यांना त्याने सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, स्फटिक आडवा धरला, आणि मानेवर दाढीचं पातं टेकवून हातोडीने टिचकी मारली. स्फटिक सरकला. त्याने व्हाइस आवळला. पुन्हा सरकला. आणखी आवळला.

हे करताना त्याला माहीत नव्हतं असं नाही. या स्फटिकाला हिस्के लोखंडी चिमटासुद्धा लावू देत नसे. लाकडी चिमटा, तोही सैल. कारण याला कुठून दाब बसला की आत ताण राहतो, आणि त्या ताणातून खोटं चुंबकत्व उठतं, खोट्या दिशा उठतात. एके काळी साऱ्या जगाने तसलं खोटं चुंबकत्व खरं धरून त्यावर वर्षंच्या वर्षं घालवली होती. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला हेच शिकवतात. मेरेलला त्यानेच शिकवलं होतं.

तिसऱ्या टिचकीला बोंड सुटलं. टक्क असा आवाज झाला. त्याने ते तळहातावर घेतलं. फार वेळ घेऊन बसला.

बुधवारी सकाळी लवकर जाऊन त्याने उरलेला स्फटिक कापायच्या यंत्राखालच्या खाचेत सरकवून ठेवला. नऊच्या सुमारास मेरेलची किंकाळी ऐकू आली. ती हसतही होती आणि रडतही होती. तिने सीब्रनला मिठी मारली. "सापडला! पण डोकं मोडलं रे त्याचं. माझ्याच हातून पडला असणार. हिस्केचं बोंड गेलं. मला माफ कर."

त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. त्या हाताचं पुढे काय करावं हे त्याला कळेना, म्हणून तो खिशात घातला.

एव्हर्ट काही खूश झाला नाही. बोंडातही युरेनियम होतंच, आणि ते सापडलं नव्हतं. पाइपातून वाहून गेलं असावं असं ठरलं. दोष मेरेलच्या नावावर लागला. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "मेरेल यापुढे त्या खोलीत एकटी जाणार नाही. जाताना सोबत जबाबदार माणूस पाहिजे. सीब्रन, तू जाशील?"

"जाईन," सीब्रन म्हणाला.

तेव्हापासून तो जबाबदार माणूस म्हणून स्टुलावर बसायचा आणि मेरेल काम करायची. तिने उरलेल्या स्फटिकातून केसाएवढी पातळ चकती काढली, थंड केली, आणि चुंबकाच्या क्षेत्रात फिरवून मोजली. नोव्हेंबरच्या मध्यावर आलेख आला. साडेसतरा अंशांच्या वर चारी दिशा सारख्या. खाली आल्याबरोबर दोन दिशांच्या रेषा उंच, दोन बुटक्या. इतकं स्पष्ट कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेरेलने केक आणला. इकडे आनंद झालेल्यानेच केक आणायचा असतो. गुलाबी साखरेचा थर, त्यावर क्रीमने काढलेला चौरस, एका बाजूने दाबून लांबट केलेला.

"मी म्हटलंच होतं, मोडणार!" रुलॉफ फळ्यावर चढायचाच बाकी होता. तो आकडेमोड करणारा, त्याच्या गणितात चारी दिशा केव्हाच मोडल्या होत्या, फक्त निसर्गाने ते ऐकलं नव्हतं. "मेरेल, प्रागच्या परिषदेत तुला बोलावणार. लिहून देतो. तिथे ते तुझा हेवा करतील, वर तुला बिअर पाजतील."

"आधी एकदा भट्टीत घालून घेऊ," सीब्रन म्हणाला.

सगळे थांबले.

"चकती," तो म्हणाला. "पुन्हा आठवडाभर तापवू. ताण असला तर निघून जाईल."

"पण हिस्केने ओढल्यावर तापवलाच होता की," मेरेल म्हणाली. "नऊशे अंशांवर, आठवडाभर. तूच सांगितलंस. ताण येईल कुठून? मी तर गोंदाचाही एकच ठिपका लावलाय, एका कोपऱ्याला, ती लावायची तसा."

"पडला होता ना."

"पडून एवढा ताण? आणि तोही बरोब्बर एकाच दिशेने?" ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा मऊ झाला. "सीब्रन, तिचा स्फटिक आहे. तिच्यावर तुझा विश्वास नाही का?"

 रुलॉफने केकचा मोठा तुकडा कापून त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "जड जातं, माहितेय मला." सगळ्यांना वाटलं, त्याला दुःख सोसवत नाही. ते त्याच्यासाठी दार उघडून धरत, त्याच्या आधी लिफ्टचं बटण दाबत. चोर म्हणून पकडलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने केक खाल्ला. साखर दातांत कचकचत होती.

रविवारी दुपारी मेरेल त्याच्या घरी आली. केस पावसाने चप्प झालेले, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

"प्रागचं बोलावणं आलं," दारातच ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी तुला दाखवायचं होतं. कॉफी देणार आहेस की असंच भिजत ठेवणार?"

त्याने कॉफी टाकली, बिस्किटांचा डबा काढला. तिने पहिला कागद त्याच्यापुढे ठेवला. नावांमध्ये पहिलं नाव हिस्केचं होतं. मेरेलचं दुसरं.

"हे काय?"

"तिचंच आहे ते. मी फक्त मोजलं. परिषदेत मी हेच म्हणणार आहे, की ज्या बाईने हा ओढला ती हे बघायला राहिली नाही." तिने डोळे पुसले आणि वैतागून हसली. "बाथरूम कुठे, जिन्याखाली ना?"

ती गेली. सीब्रन कागदाकडे बघत होता. मरून गेलेल्या बाईच्या नावावर खोटं चढणार होतं, आणि ते खोटं त्याने हातोडीने बनवलं होतं. आणखी वर्षभराने कुणीतरी दुसऱ्या देशात दुसरा स्फटिक घेऊन मोजेल, त्याला चारी दिशा सारख्या दिसतील, आणि तो लिहील की हिस्केचा स्फटिक खराब होता. तिचा. जिने उभ्या आयुष्यात चिमटा घट्ट धरला नाही तिचा.

बोंड खिडकीच्या कट्ट्यावर होतं, हिस्केच्या चष्म्याच्या डबीत. बाथरूमची कडी वाजायला अजून वेळ होता. डबी कपाटात टाकायला एक पाऊल पुरलं असतं. तो उठला, डबी उघडली, बोंड बाहेर काढलं आणि दोन कपांच्या मधोमध टेबलावर ठेवलं.

मेरेल परत आली ती बोलतच. "बाथरूमच्या भिंतीवरच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर माझं नाव आहे! हिस्केच्या अक्षरात. मला माहीतच नव्हतं की तिने..."

ती थांबली. बराच वेळ तिने ते ओळखलंच नाही असं वाटलं. मग खुर्चीत बसली.

"हे कुठे मिळालं?"

"हरवलंच नव्हतं. त्या शुक्रवारी मी स्फटिकच घरी आणला. अख्खा. बोंड मीच तोडलं."

बाहेर कालव्यातून कुणाची तरी नाव फटफटत गेली. 

"मी पिंपात हात घालून बसले होते," मेरेल म्हणाली.

"हो."

"झाकण तू धरलं होतंस."

"हो."

"मी तुला सॉरी म्हटलं."

 त्याने मान हलवली.

तिने बोंड उचललं, मोडलेली बाजू उजेडाकडे धरली. आणि मग तिने जे विचारलं ते त्याला अपेक्षित नव्हतं, पण तीच त्याची खरी विद्यार्थिनी होती. "कशाने तोडलंस?"

"व्हाइसमध्ये धरून."

"कुठला?"

तो तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. ट्यूबचे तुकडे अजून जबड्यांना तसेच होते. तिने बोंड मधे धरून बघितलं, बोटांनी वळवून तुटलेली कड ट्यूबवरच्या पात्याच्या खुणेशी जुळवली. "जबडे या दोन बाजूंवर होते?"

"हो. सरकत होता म्हणून आवळला."

"या बाजूंना उंच, आणि या बाजूंना बुटक्या." तिने हवेत आलेख काढल्यासारखं बोट फिरवलं. मग तिला हसू आलं, वाईट हसू. "म्हणजे छुपी शिस्त वगैरे काही नाही. मी तुझा व्हाइस मोजला. प्रागला जाऊन मी तुझ्या सायकलींच्या खोलीतला व्हाइस दाखवणार होते. हिस्केच्या नावाने."

"म्हणूनच भट्टीत घालू म्हटलं होतं."

"ते नको," ती म्हणाली. "ते नको बोलूस. भट्टीचं म्हणालास, व्हाइसचं नाही. मागितलं असतंस तर मी हे तुला त्याच दिवशी दिलं असतं. वेगळं, नीट कापून. मीच देणार होते. तुझ्यासाठी डबीसुद्धा बघून ठेवली होती."

तिने बोंड त्याच्या हातात ठेवलं. मुठीत त्याची बोटं मिटवली, जसं कुणी लहान मुलाच्या हातात काही देतं.

"रुलॉफला मी सांगते की ताण होता. प्रागला कळवते. चकती तापवते. तेवढं माझं. पण एव्हर्टला मी काही सांगणार नाही. हे घेऊन तुम्ही जायचं आणि तुम्ही सांगायचं."

पहिल्या वर्षी ती त्याला तुम्ही म्हणायची, आणि तो म्हणायचा, असं म्हणालीस की माझे वडील मागे येऊन उभे राहिल्यासारखं वाटतं. आता तो काही म्हणाला नाही. ती कागद टेबलावरच सोडून गेली. कॉफी तशीच होती.

चकती आठवडाभर भट्टीत राहिली. मेरेलने ती हिस्केसारखी धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळून, हवा काढलेल्या काचेच्या नळीत घातली होती. पुन्हा मोजली तेव्हा सीब्रन स्टुलावर बसला होता, कारण नियम तसा होता. साडेसतरा अंशांवर नेहमीचा ठळक बदल आला. चारी दिशा सारख्याच राहिल्या, निदान यंत्राला दिसावं इतपत तरी. आत काय घडलं, ते पूर्वीइतकंच झाकलेलं होतं.

"शुद्ध आहे," मेरेल पडद्याकडे बघत म्हणाली. "फार शुद्ध आहे." ते ती त्याला म्हणाली नाही.

रुलॉफ दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग नवं गणित घेऊन आला. प्रागला दुसरं कुणीतरी गेलं. ताण कुठून आला असं लोक मेरेलला विचारतात, तेव्हा ती म्हणते, "कापायच्या आधी कुठेतरी," आणि कामाला लागते. युरेनियमच्या खोलीत ती अजून एकटी जात नाही. दारापाशी थांबते, सीब्रन येईपर्यंत.

एव्हर्ट रोज साडेदहाला कॉफीच्या कोपऱ्यात येतो. सीब्रनच्या कोटाच्या खिशात चष्म्याची डबी असते. एव्हर्ट हवेबद्दल बोलतो, फुटबॉलबद्दल बोलतो, परवा सीब्रनला म्हणाला, "बरा दिसतोस हल्ली." सीब्रनने कप धुतला आणि फळीवर पालथा घातला.

एव्हर्टला अजून सांगितलेलं नाही.